तीच चार मिनिटं, दोनदा

माइल्स डेव्हिसच्या 'इन अ सायलेंट वे' या अल्बमच्या दुसऱ्या बाजूवर एक गोष्ट आहे. माहीत नसेल तर ती लक्षात येत नाही आणि एकदा कळली की विसरता येत नाही. जवळपास वीस मिनिटांच्या या ट्रॅकची पहिली सव्वाचार मिनिटं आणि शेवटची सव्वाचार मिनिटं एकच आहेत. एकच म्हणजे तीच धून शेवटी पुन्हा वाजवलीय असं नाही. ते रेकॉर्डिंगच तेच आहे. वादक एकदा वाजवून मोकळे झाले. नंतर निर्माता टिओ मासेरो याने त्या टेपची नक्कल काढली आणि ट्रॅकच्या शेवटाला नेऊन जोडली. कॉपी-पेस्ट. १९६९ साली, ब्लेड आणि चिकटपट्टी घेऊन.

मी दिवसभर कोड लिहितो. आमच्याकडे कॉपी-पेस्ट हे पाप आहे. म्हणजे करतात सगळेच, पण तोच तुकडा दोन ठिकाणी दिसला की रिव्ह्यूमध्ये कुणीतरी लगेच लिहितं, याचं वेगळं फंक्शन कर. पण जॅझमध्ये हे पाप आमच्यापेक्षा कितीतरी मोठं असायला हवं. त्या संगीताची सगळी इज्जत या एका दाव्यावर उभी आहे की जे वाजतंय ते आत्ता सुचतंय, आणि परत असं वाजणार नाही. तिथे तुम्ही चार मिनिटं उचलून दुसरीकडे डकवता आणि श्रोत्याला सांगतही नाही, तर ही लबाडी झाली की नाही?

माझ्या मते नाही झाली. उलट ही नक्कल हीच या अल्बममधली सगळ्यात धाडसी जागा आहे. पण हे दोन्ही बाजूंना सारखं लागू होत नाही, आणि ते का, यासाठी आधी त्या दिवशी काय झालं ते सांगायला हवं.

१८ फेब्रुवारी १९६९. न्यूयॉर्क, कोलंबिया कंपनीचा थर्टिएथ स्ट्रीटवरचा स्टुडिओ. सगळं रेकॉर्डिंग त्या एका दिवसाचं. माइल्स ट्रम्पेटवर, वेन शॉर्टर सोप्रानो सॅक्सोफोनवर, डेव्ह हॉलंड डबल बासवर, टोनी विल्यम्स ड्रम्सवर. आणि की-बोर्डवर तिघं! हर्बी हॅन्कॉक आणि चिक कोरिया इलेक्ट्रिक पियानोवर, जो झाविनुल मुख्यतः ऑर्गनवर. शिवाय जॉन मॅक्लॉफलिन नावाचा एक इंग्रज गिटारिस्ट. माइल्स तेव्हा ४२ वर्षांचा होता, म्हणजे खोलीतला बुजुर्ग. हॅन्कॉक २८, मॅक्लॉफलिन २७, टोनी २३, हॉलंड २२. आमच्या टीमचं स्टँड-अप भरतं तेव्हा साधारण याच वयाची माणसं असतात. आम्ही तिकीट कुठल्या स्प्रिंटमध्ये ढकलायचं यावर भांडतो. असो.

मॅक्लॉफलिन न्यूयॉर्कला येऊन फार दिवस झाले नव्हते. तो आला होता टोनी विल्यम्सच्या नव्या बँडसाठी. माइल्सने त्याला ऐकलं आणि सरळ आपल्या रेकॉर्डिंगला बोलावून घेतलं. आता त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ज्याच्या रेकॉर्ड ऐकत तुम्ही वाढलात तो माणूस समोर बसलाय. तुमच्यासमोर एक कागद आहे, त्यावर पियानोसाठी लिहिलेली झाविनुलची धून आहे, कॉर्ड्सनी भरलेली. बँडने ती वाजवून बघितली आणि माइल्सला पसंत पडली नाही. मग त्याने ती गिटारवर वाजवायला सांगितली. कशी? तर गिटार वाजवता येत नसल्यासारखी. ही सूचना पुढे दंतकथाच बनली, स्वतः मॅक्लॉफलिनने ती कित्येकदा सांगितलीय. त्याने केलं काय, तर सगळ्या कॉर्ड्स बाजूला सारल्या आणि गिटार शिकायला घेतलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात ती साधी ई मेजर धरून त्यावर धून चाचपत नेली. अल्बममध्ये आहे ते हेच.

ते ऐकताना चाचपणं ऐकू येतं. खाली ई या एकाच सुराचा लांबच लांब आधार. ठेका नाहीच. गिटारचा एक सूर येतो, थांबतो, दुसरा येतो की नाही असं वाटेपर्यंत थांबतो. हा माणूस पुढे जगातल्या सगळ्यात वेगवान गिटारिस्टांमध्ये गणला गेला. पण इथे तो अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसा वाजवतोय. मग तीच धून शॉर्टर सॅक्सोफोनवर घेतो, आणि नंतर माइल्स त्याच्या जोडीला येतो. तिघांनी मिळून धून तीनदा सांगितली, आणि संपलं. कुणी ती फुलवली नाही, ताना घेतल्या नाहीत.

मग कट. पूर्ण वेगळा तुकडा सुरू होतो, 'इट्स अबाउट दॅट टाइम'. बासवर एक छोटा तुकडा घोळत राहतो, की-बोर्डवर उतरत जाणाऱ्या कॉर्ड्स पुन्हा पुन्हा येतात, आणि टोनी विल्यम्स फक्त टकटक करतो. ही टकटक नीट ऐका. हा साधासुधा ड्रमर नव्हे. १७व्या वर्षी माइल्सच्या बँडमध्ये आलेला, आणि याच वर्षी स्वतःच्या बँडमधून कान फाटेल इतकं जोरात वाजवायला निघालेला हा पोरगा. त्याला इथे जेवढ्यास तेवढं वाजवत बसवलंय. दोन मिनिटं, चार मिनिटं, आठ मिनिटं. सोलो येतात आणि जातात. गिटारचा होतो, सॅक्सोफोनचा होतो, मागे टकटक तीच. ऐकणाऱ्याच्या मनात ताण साठत जातो आणि त्याला कळतही नाही की हा ताण कशाचा आहे. प्रेशर कुकरची शिट्टी धरून ठेवल्यासारखं.

तेरा मिनिटांच्या आसपास, माइल्स परत वाजवत असताना, टोनी सुटतो. अख्खा ड्रमसेट एकदम जागा होतो. अल्बमभर जी गोष्ट कुणी केली नाही ती तो करतो, आणि तीही थोडाच वेळ. मी हे किती वेळा ऐकलंय याचा हिशोब नाही, आणि दर वेळी त्या जागी खुर्चीत सरसावून बसतो. मग आवाज परत खाली उतरतो, आणि कट.

आणि परत ती गिटार येते. ई मेजर. एक सूर, थांबणं. तेच चाचपणं.

इथे मी एक उद्योग केला होता, तुम्हीही करून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. ट्रॅकची सुरुवात कापून डाव्या कानात टाकली, शेवट कापून उजव्या कानात, आणि दोन्ही एकदम लावले. सूर न् सूर बरोबर चालतो. गिटारिस्ट जिथे थबकतो तिथे दोन्हीकडे थबकतो. आमच्या भाषेत सांगायचं तर डिफ रिकामा येतो. दोन फाइलींमध्ये काही फरक नाही.

पण सलग ऐकताना फरक असतो, आणि मला या अल्बममधून जे मिळालं ते या फरकात आहे. पहिल्यांदा ती गिटार ऐकताना हा माणूस घाबरलाय असं वाटतं. आणि ते खरंच आहे, त्याला कुठे जायचंय हे त्या क्षणी ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदा, मधली अकरा मिनिटं सोसून आल्यावर, तेच सूर सगळं बघून परत आलेल्या माणसाचे वाटतात. अडखळणं तेच. पण आता ते निवडून केलेलं वाटतं. वाजवणाऱ्याने ते निवडलं नव्हतं. निवडलं मासेरोने आणि माइल्सने, मागाहून, टेपच्या मशीनसमोर बसून. अनवधानाने झालेली एक गोष्ट त्यांनी दुसऱ्यांदा वापरली, आणि दुसऱ्यांदा वापरल्यामुळे ती रचना झाली. एकदा अडखळणं ही घटना असते. तंतोतंत तसंच दोनदा अडखळणं हे विधान होतं.

म्हणून त्यांनी शेवटाला नवीन टेक घेऊन वाजवलं असतं तर हे घडलं नसतं, असं मला वाटतं. दुसऱ्या टेकमध्ये मॅक्लॉफलिनला धून ठाऊक असती. त्याने ती जास्त छान वाजवली असती, आणि तिथेच ती बिघडली असती.

माझा एक रूममेट ख्याल शिकतो, आठवड्यातून दोनदा पुण्यातल्या एका गुरूंकडे जातो. त्याला हे सगळं मान्य नाही. त्याचं म्हणणं साधं आहे. आपल्याकडे मुखडा शंभर वेळा येतो, पण एकदाही तोच येत नाही. समेवर येण्याची वाट दर वेळी थोडी वेगळी असते आणि ऐकणारा त्या फरकासाठीच बसलेला असतो. जिथे फरक नाही तिथे गाणारा नाही, मशीन आहे. शिवाय, तो म्हणाला, त्या गिटारवाल्याला कुणी विचारलं होतं का, की तुझी ती चार मिनिटं आम्ही परत लावतोय?

दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो. पहिल्याला माझ्याकडे उत्तर आहे. ख्यालात फरक गाणाऱ्यात घडतो, इथे तो ऐकणाऱ्यात घडवलाय. दोन वेगळी कामं आहेत, एकाच्या नियमाने दुसऱ्याला नापास करण्यात अर्थ नाही. (याच कारणासाठी, या अल्बमबद्दल बोलताना खालचा सूर तानपुऱ्यासारखा आहे, म्हणजे हे आपल्या रागासारखंच आहे, असं कुणी म्हटलं की मला अंगावर येतं. मॅक्लॉफलिनने पुढे आपल्या मुंबईच्या झाकीर हुसेनना आणि एल. शंकरना घेऊन 'शक्ती' काढलं, म्हणून लोक मागे जाऊन इथेही भारत शोधतात. १९६९च्या त्या खोलीत तो नव्हता. सूर धरून ठेवणं ही काही आपली एकट्याची मालमत्ता नाही.) पण मालकीचा प्रश्न उरतोच. त्या दिवशी जे वाजलं ते कुणाचं? वाजवणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं, की कापणाऱ्याचं?

झाविनुलकडून बघितलं तर प्रश्न आणखी धारदार होतो. तो व्हिएन्नाचा, कॅननबॉल ॲडर्लीच्या बँडमधला, आणि 'इन अ सायलेंट वे' ही धून त्याची. त्याने कॉर्ड्स विचार करून लिहिल्या होत्या. माइल्सने त्या जवळपास सगळ्या काढून टाकल्या. २००१ साली या सेशन्सचा तीन सीडींचा संच निघाला. त्यात कॉर्ड्स काढण्याच्या आधीची तालीम आहे, ती ऐकता येते. १९७१च्या 'झाविनुल' या अल्बममध्ये त्याने स्वतःची धून स्वतःला हवी तशी वाजवली, तीही ऐकता येते. मी दोन्ही ऐकल्या. झाविनुलची सुंदर आहे, हे आधी कबूल करतो. तिच्यात ऊब आहे, घरी परतल्यासारखं काहीतरी आहे. माइल्सच्या आवृत्तीत घर नाहीच, नुसती वाट आहे. मला विचाराल तर माइल्स बरोबर होता. पण बरोबर असण्याने झाविनुलची तक्रार खोटी ठरत नाही. तुमचं लिहिलेलं मॉड्यूल कुणी सत्तर टक्के डिलीट करून जास्त चांगलं केलं, तर ते जास्त चांगलं झालंय हे दिसत असूनही जेवण जात नाही. ज्यांनी नोकरी केलीय त्यांना सांगायला नको.

मासेरोबद्दल एक सांगायचं राहिलं. निर्माता म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पैसेवाला माणूस येतो. हा तसा नव्हता. तो जुलियार्डमध्ये शिकलेला संगीतकार होता, स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा. म्हणजे टेपला ब्लेड लावणारा हात वादकाचा होता. शिवाय हे कापणं म्हणजे आजच्यासारखं कंट्रोल-झेड नव्हे. टेप मशीनवर पुढे-मागे ओढून जागा शोधायची, खूण करायची, तिरका छेद घ्यायचा, चिकटवायचं. आणि तुकडा पुन्हा वापरायचा तर त्याची आधी दुसऱ्या टेपवर नक्कल काढायची. नकलेत थोडा खरखराट वाढतो तो वेगळाच. हे लक्षात ठेवलं की 'कॉपी-पेस्ट' हा शब्दही जरा उथळ वाटायला लागतो.

अर्थात यामागे एक व्यवहारही होता. गाळून गाळून इतकं थोडं उरलं होतं की एलपी भरली नसती. अल्बम ३८ मिनिटांचा आहे. दोन्ही बाजूंवर परत लावलेला भाग वजा केला तर उरतं ते २८ मिनिटांच्या आसपास. म्हणजे गरज होती म्हणून युक्ती केली, आणि एका बाजूवर तिचं सोनं झालं.

दुसऱ्या वेळी, म्हणजे 'श्श/पीसफुल' या पहिल्या बाजूवर, नाही झालं. हे इथे म्हणायला हवं, कारण या अल्बमवर लिहिणारे बहुतेक जण दोन्ही बाजूंना एकाच मापाने मोजतात. सव्वाअठरा मिनिटांच्या या ट्रॅकमध्ये पहिली सहा मिनिटं शेवटी परत येतात. युक्ती तीच आहे. पण इथे टोनीच्या हाय-हॅटची बारीक टिकटिक पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकाच पातळीवर चालते, आणि मध्ये काही फुटत नाही. रेकॉर्डिंगमध्ये लिहिलेली धूनही होती, ती कापून टाकली. उरला तो एक सपाट, देखणा प्रदेश. सुंदर आहेच. माइल्सचा पहिला सोलो तर इतका मोकळा आहे की श्वास बदलतो. पण सपाट प्रदेशात परत त्याच झाडापाशी आलं तर माणूस बदललेला नसतो, तो नुसता फिरून आलेला असतो. परत येण्याला किंमत यायची तर मध्ये काहीतरी घडावं लागतं. पहिल्या बाजूवर ते घडत नाही.

आणि नेमकी हीच बाजू आज जास्त ऐकली जात असावी, असा माझा संशय आहे. कारण ती कामाला लावून ठेवायला उत्तम आहे. शब्द नाहीत, दचकवणारं काही नाही, अठरा मिनिटं एकसारखी झुळूक. हेडफोन लावून बग शोधत बसलेल्या माझ्यासारख्यांसाठी 'फोकस' नावाच्या प्लेलिस्टी असतात, त्यात अशीच गाणी भरलेली असतात: लक्ष मागणार नाहीत अशी. मी त्याला नावं ठेवणार नाही. डेडलाइनच्या आदल्या रात्री मीही तेच लावतो. पण 'सायलेंट' या शब्दाने फसू नका. हा अल्बम हळू आवाजातला आहे, शांत नाही. दुसऱ्या बाजूवर एक माणूस घाबरून वाजवतोय, एक माणूस स्वतःला अकरा मिनिटं आवरतोय, आणि तिसऱ्याची धून त्याच्यासमोर सोलली जातेय. हे पार्श्वसंगीत म्हणून ऐकलं तर ऐकू येत नाही, इतकंच.

म्हणून फोनवर ऐकणार असाल तर ऑटोप्ले बंद करा आणि दुसरा ट्रॅक आधी लावा. कंपनीच्या बसमध्ये नको. पहिली चार मिनिटं इंजिनाच्या आवाजात बुडतात आणि मग शेवट कशाचा शेवट आहे ते कळत नाही. रात्री, पंखा कमी करून ऐका. तेराव्या मिनिटाआधी उठायचं नाही. ड्रम्स खाली बसल्यावर जिथे ठेका तुटून गिटार येते तिथे जोड लपवलेला नाही, लक्ष दिलंत तर सापडेल. मला तो जोड आवडतो. तो लपवला असता तर कदाचित मीही रूममेटच्या बाजूने गेलो असतो.

रूममेटने शेवटी पूर्ण बाजू ऐकली, माझ्याच स्पीकरवर. टोनी सुटला तेव्हा त्याने मांडीवर थाप मारली आणि वा म्हणाला, अगदी बैठकीत म्हणतात तसं. गिटार परत आली तेव्हा मात्र तो पाणी आणायला उठला. आता तो ट्रॅक स्वतःहून लावतो कधी कधी. पंधराव्या मिनिटानंतर बंद करतो. त्याच्या मते गाणं तिथे संपतं.